हरिपूरची काळी माती आणि एका घराची सेप्टिक टाकी

सांगलीहून हरिपूरला जाताना रस्त्याकडेला चार गुंठ्यांचा हा भूखंड. साधारण 13 मीटर रुंद, 31 मीटर लांब. पूर्वेला रस्ता, पश्चिमेला शेजाऱ्यांचं परडं, आणि त्या परड्यात हद्दीपासून जेमतेम तीन मीटरवर एक जुना आड. जागा अण्णांची. घरात माणसं आठ, पण सणावाराला आणि जत्रेला लेकी-जावई आले की दहाच्या वर. जुनं कौलारू घर 2019 च्या महापुरात भिजून खचलं होतं. त्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं. तिथं धोक्याची पातळी 45 फुटांची आहे. अण्णांच्या अंगणात कमरेएवढं पाणी होतं. 2021 च्या जुलैत पुन्हा पाणी आलं, तेव्हा त्यांनी घर पाडून नवं बांधायचं ठरवलं. नकाशा आणि देखरेख माझ्याकडं आली.

घराबद्दल इथं लिहीत नाही. लिहायचं आहे ते शौचालयाच्या टाकीबद्दल. त्या गल्लीत भुयारी गटार नाही, त्यामुळे मैल्याची सोय ज्याची त्यानं करायची. आमच्याकडं ही सोय सगळ्यात शेवटी आठवते. स्लॅब पडतो, फरशी ठरते, आणि मग कुणीतरी विचारतं, "टाकी कुठं घ्यायची?" तोवर जागा उरलेली नसते आणि पैसेही नाहीत. इथं आम्ही पाया खणायच्या आधी टाकीचा विषय काढला. पुढं जे काही नीट झालं त्याचं श्रेय मी या एका गोष्टीला देते.

पहिला अंदाज

पहिला ठेकेदार गावाजवळचाच, पुष्कळ घरं बांधलेला. त्यानं जागेवरच खडूनं आखून दाखवलं. मागच्या बाजूला वायव्य कोपऱ्यात आठ बाय सहा फुटांची सात फूट खोल वीटबांधकामाची टाकी, शेजारी पाच फूट व्यासाचा दहा फूट खोल शोषखड्डा. खर्च नव्वद हजार. वायव्य कोपरा अण्णांना पसंत होता, कारण वास्तूवाल्यांनीही तोच सांगितला होता.

मी विचारलं, टाकीच्या तळाला काय करणार?

"तळ उघडाच ठेवायचा, मॅडम. पाणी खाली जिरतंय, टाकी भरतच नाही. वीस-वीस वर्षं गाडी बोलवायला लागत नाही. इथं सगळ्यांच्या अशाच हाईत."

तो खोटं बोलत नव्हता. खरोखरच पुष्कळ टाक्या अशाच असतात, आणि 'वीस वर्षं उपसली नाही' हे लोक कौतुकानं सांगतात. पण जी टाकी भरतच नाही, तिच्यातला मैला जमिनीत जातोय एवढाच त्याचा अर्थ. आणि इथं पाच मीटरवर आड होता.

"आणि शोषखड्ड्यात पाणी नाही जिरलं तर?"

"मग सहा इंची बोअर मारायची आन् त्यात सोडून द्यायचं. विषयच संपला."

हे ऐकून काकू दारातून बाहेर आल्या. नळाला पाणी आलं नाही की सगळी गल्ली त्या आडावर कळशा घेऊन उभी असते. काकू म्हणाल्या, "लग्न होऊन आले त्या दिवशी त्याच आडाच्या पाण्यानं पाय धुतलेत माझे. तिथं असलं काही सोडायचं नाही." वास्तूचा प्रश्न तेवढ्यापुरता मागं पडला.

टाकीत नेमकं काय घडतं, ते मी त्या दिवशी ओट्यावर बसून सगळ्यांना सांगितलं. बऱ्याच जणांना वाटतं की टाकीत पाणी शुद्ध होतं. तसं होत नाही. टाकी फक्त निवळते. जड गाळ तळाला बसतो, तेलकट-हलकं वर येऊन सायीसारखा थर धरतो, आणि मधलं त्यातल्या त्यात निवळ पाणी बाहेर पडतं. हवेशिवाय जगणारे जिवाणू तळाच्या गाळाचा काही भाग कुजवून कमी करतात. बाहेर पडणारं पाणी डोळ्याला बरं दिसलं तरी त्यात रोगजंतू भरलेले असतात. त्यांचा निकाल लागतो तो पुढं, मातीत. मातीच्या कणांमध्ये हवा असते, तिथं दुसरे जिवाणू असतात, आणि पाणी हळूहळू झिरपताना गाळलं जातं. म्हणजे निम्मं काम टाकीचं आणि निम्मं जमिनीचं. बोअरमध्ये सोडलं की जमिनीचं काम पूर्ण वगळलं जातं आणि मैलापाणी थेट भूजलात पोचतं. उघड्या गटारीत सोडण्यापेक्षाही हे वाईट, कारण गटार निदान दिसते तरी.

झिरप्याची चाचणी

भारतीय मानक 2470 चे दोन भाग आहेत. पहिला टाकीचा, दुसरा टाकीतून बाहेर पडलेल्या पाण्याचं काय करायचं याचा. दुसरा भाग फारसा कुणी उघडत नाही, आणि जमिनीची झिरपा चाचणी त्याच भागात आहे. चाचणीला खर्च नाही. एक पहार, दोन बादल्या पाणी, एक पट्टी, घड्याळ आणि एक रात्र लागते.

2022 चा मे होता. काळी माती तडकून हात जाईल एवढ्या भेगा पडल्या होत्या. गवंडीमामांनी पहारीनं मीटरभर खोल खड्डा घेतला. तळाची घासून गुळगुळीत झालेली माती खरवडून काढली आणि वर दोन बोटं जाड रेती टाकली. मग पाणी ओतलं. पहिली बादली ओतली आणि खड्डा गटागट प्यायला. दुसरीही गेली. ठेकेदार हसून म्हणाला, "बघा की! एवढी पिणारी जमीन आहे, आन् तुम्ही काळजी करताय."

मी म्हटलं, उद्या सकाळी बघू.

काळ्या मातीचा हा गुण शेतकऱ्याला पाठ असतो. सुकली की आकसते आणि फाटते, भिजली की फुगते आणि मिटते. उन्हाळ्यात ओतलेलं पहिलं पाणी भेगांत जातं. ते जिरणं नव्हे. म्हणून मानकात सांगितलंय की रेतीवर 30 सेंटीमीटर पाणी राहील असं भरायचं, ते रात्रभर मुरू द्यायचं आणि मोजणी दुसऱ्या दिवशी करायची. अण्णांनी रात्री दोनदा उठून खड्ड्यात पाणी घातलं.

सकाळी सातला गेले तेव्हा खड्ड्यात पाणी तसंच होतं, वर एक पान तरंगत होतं. भेगा मिटल्या होत्या. रेतीवर 15 सेंटीमीटर राहील एवढंच पाणी ठेवलं, खड्ड्यावर आडवी फळी टाकून तिला पट्टी टेकवली आणि अर्धा तास बसून राहिलो. पाणी उतरलं तीन मिलिमीटर. म्हणजे 25 मिलिमीटर उतरायला 250 मिनिटं. हा आकडा 30 मिनिटांच्या वर गेला तर शोषखड्डा घेऊ नये, 60 च्या वर गेला तर त्या जमिनीत पाणी मुरवायची कुठलीच रचना करू नये, असं मानक सांगतं. इथं 250. खात्रीसाठी पूर्वेच्या अंगणात आणखी दोन खड्डे घेतले. तिथंही फरक नव्हता.

अण्णा बराच वेळ त्या पानाकडं बघत होते. मग म्हणाले, "ताई, हे मला आधी सुचायला पाहिजे होतं. आमची पेवं याच मातीत होती."

हरिपूरची हळदीची पेवं सांगलीकरांना सांगायला नकोत. जमिनीत खोल खणलेली, तोंड अरुंद आणि पोट मोठं. त्यात भरलेली हळद वर्षानुवर्षं टिकायची, कारण इथल्या चिकण मातीतून ओल आत येत नाही. 2005 च्या महापुरात पेवांत पाणी शिरलं, ते वरून तोंडातून. ज्या मातीनं आतली हळद पिढ्यान् पिढ्या कोरडी राखली, तीच माती शोषखड्ड्यातलं पाणी बाहेर कशी घेणार? माझ्या तीन मिलिमीटरपेक्षा अण्णांना हे पटलं. मलाही.

परवाना आणि करार

पहिल्या ठेकेदाराला आम्ही नमस्कार केला. भांडण झालं नाही. त्याला चाचणी मान्य नव्हती, एवढंच.

दुसरा ठेकेदार म्हणजे महापालिकेचा परवानाधारक प्लंबर. त्यानं परवान्याची प्रत आणून दिली, मी तिच्यावरची मुदत तपासली. परवान्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे. तो हवाच, कारण काम बिघडलं तर जबाबदार माणूस कोण ते कागदावर राहतं. पण परवान्याला नळ आणि ड्रेनेजची जोडणी कळते, तुमच्या अंगणातली माती कळत नाही. ती त्या माणसाला दाखवावी लागते. हा भला गृहस्थ चाचणीच्या खड्ड्याशी उकिडवा बसला, माती बोटांत चोळली आणि म्हणाला, "मॅडम, मी आजवर मुरमाडातच कामं केलीत. इथं तुम्ही ड्रॉइंग द्या, मी ड्रॉइंगबाहेर एक इंच जाणार नाही." मला हे उत्तर फार आवडलं. 'सगळं येतं' म्हणणाऱ्यापेक्षा असा माणूस बरा.

शंभर रुपयांच्या स्टँपवर करार केला. त्यातली तीन कलमं माझ्या आग्रहाची. टाकी पाणी भरून तपासल्याशिवाय भोवतीची माती भरायची नाही. शेवटचा एकपंचमांश हप्ता त्या तपासणीनंतरच. आणि टाकीत माणूस उतरणार असेल तर माझ्या किंवा माझ्या माणसाच्या समोरच. एकूण खर्च 1 लाख 85 हजार ठरला, पहिल्या अंदाजाच्या दुप्पट. अण्णांच्या पुण्यातल्या मुलाला तो जास्त वाटला. "जमिनीत गाडायच्या वस्तूला एवढे?" असं त्यानं फोनवर विचारलं. त्याला चाचणीचा फोटो पाठवला, पान तरंगत असलेला.

काय बांधलं

शोषखड्डा बाद झाला. मग जमिनीनं करायचं काम कुणी करायचं? उत्तर मिळालं ते महापुरामुळं. भूखंड पूररेषांपैकी निळ्या (अधूनमधून येणाऱ्या पुराच्या) रेषेबाहेर पण लाल (क्वचित येणाऱ्या महापुराच्या) रेषेच्या आत होता, म्हणून घराचं जोतं जमिनीपासून 1.2 मीटर उंच घ्यावं लागलं होतं. अण्णांना ती उंची डोईजड वाटायची, एवढ्या पायऱ्या म्हाताऱ्यांनी चढायच्या कशा म्हणून. पण उंच जोत्यामुळं शौचालयाचा पाईप जमिनीच्या पाऊण मीटर वर बाहेर पडत होता. त्यामुळे टाकी पूर्ण गाडायची गरज उरली नाही. निम्मी जमिनीत, निम्मी वर. आणि टाकीतून निघणारं पाणी पंपाशिवाय, नुसत्या उतारानं, जमिनीवर रचलेल्या मुरमाच्या गादीपर्यंत नेता येत होतं. खालची माती पीत नाही म्हटल्यावर पिणारी माती बाहेरून आणून वर रचायची.

टाकी दहा माणसांची धरली. आतून दोन मीटर लांब, 90 सेंटीमीटर रुंद, पाण्याची खोली 1.4 मीटर आणि वर 30 सेंटीमीटर मोकळी जागा. दोन वर्षांनी एकदा गाळ उपसायचा, या हिशोबाचं हे माप. पाणी सुमारे अडीच हजार लिटर मावतं. दोन हजारांच्या वर गेलं की टाकीला दोन कप्पे करायचे असतात, म्हणून आत येणाऱ्या पाईपाकडून दोन तृतीयांशावर आडभिंत. दोन्ही टोकांना टी, म्हणजे T आकाराचे पाईपाचे तुकडे, बसवले, म्हणजे आत येणारं पाणी साय फोडत नाही आणि बाहेर जाणारं पाणी साय सोबत नेत नाही. आठ बाय सहा बाय सातची ती आधीची टाकी यापेक्षा कितीतरी मोठी होती. लोकांना मोठी टाकी म्हणजे चांगली टाकी वाटते, आणि ठेकेदारही तेच विकतो.

वीटबांधकामाऐवजी काँक्रीट घेतलं. काळ्या मातीचं फुगणं-आकसणं विटेच्या भिंतीला झेपत नाही, सांधे उकलतात. दुसरं कारण पुराचं. त्याच गल्लीत एकानं तयार प्लॅस्टिकची टाकी बसवली होती. पुरानंतर आत घाण गेली म्हणून त्यानं टाकी लगेच उपसून घेतली, आणि रिकामी टाकी आजूबाजूच्या ओल्या जमिनीतून रात्रीत वर आली. पाईप मोडले, फरशी उखडली. पाण्यात रिकामी घागर दाबून बघा, तोच रेटा. आमच्या टाकीचा हिशोब केला तेव्हा बाहेरच्या मापानं ती साडेपाच घनमीटरच्या आसपास आली. म्हणजे पूर्ण बुडाली तर खालून साडेपाच टनांचा रेटा. तिच्या काँक्रीटचं वजन सहा टनांच्या आसपास. नुसत्या अर्ध्या टनावर विसंबणं मला नको होतं, म्हणून तळाचा स्लॅब चारी बाजूंनी 15 सेंटीमीटर बाहेर काढला. त्या टाचेवर भोवतीची माती बसते आणि टाकी दाबून धरते.

टाकीला लागून एक गाळणीचा कप्पा. टाकीचं पाणी त्याच्या तळाशी शिरतं आणि 20 मिलिमीटर खडीच्या थरातून वर चढून बाहेर पडतं. खडीवर जिवाणूंचा बुळबुळीत थर धरतो आणि उरलेली बरीच घाण तोच खातो. कप्प्याची क्षमता टाकीच्या पाण्याच्या एक तृतीयांश ते निम्मी असावी. आम्ही साधारण एक घनमीटर ठेवली.

तिथून पाईप घराच्या उत्तरेनं पुढच्या अंगणात. अंगणाच्या रस्त्याकडच्या टोकाला 9 बाय 4 मीटरची, पाऊण मीटर उंच मुरमाची गादी. हा मुरूमही तपासून घेतला. त्यात 25 मिलिमीटर पाणी आठ मिनिटांत उतरत होतं. त्या वेगाला एका चौरस मीटरवर दिवसाला 72 लिटर सोडता येतात. आमचं पाणी 450 लिटर धरलं, म्हणजे सव्वासहा चौरस मीटर चर पुरले असते. आम्ही खडी भरलेले, छिद्रांच्या पाईपांचे दोन चर मिळून सात चौरस मीटरच्या वर घेतले. गादीचा पाया मात्र मुद्दाम 36 चौरस मीटरचा ठेवला, कारण मुरमातून खाली आलेल्या पाण्याला शेवटी काळ्या मातीवरच पसरायचंय आणि तिची भूक फार थोडी. उरलेलं पाणी उडवायला वर कर्दळ लावली. गादीपासून आड 29 मीटर लांब. पिण्याच्या पाण्यापासून किमान 18 मीटर आणि राहत्या घरापासून 6 मीटर अंतर लागतं. दोन्ही पाळलं गेलं.

अंघोळीचं आणि मोरीचं पाणी यात सोडलेलं नाही, ते वेगळ्या चेंबरमधून केळीला जातं. छपराचं पावसाचं पाणीही वेगळं. राहिला वास्तूचा प्रश्न. पाणी न गळणारी टाकी घराच्या उत्तरेला पश्चिमेच्या अंगाला बसली, म्हणजे वायव्येकडं आहे असं म्हणता आलं. आणि अंगणातली गादी तर कर्दळीचा वाफाच दिसते. अण्णांनी मान हलवली.

सेंट्रिंग काढायचा दिवस

या प्रकरणातला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा प्रसंग हा, आणि तो बांधकामाच्या पुस्तकात नीट सापडत नाही.

जानेवारी 2023. टाकीचा वरचा स्लॅब पडून तीन आठवडे झाले होते. आत सेंट्रिंगच्या, म्हणजे ओल्या स्लॅबला आधार दिलेल्या, फळ्या आणि क्युरिंगचं (काँक्रीट पक्कं व्हायला मारलेलं) साठलेलं पाणी. झाकणाची दोन्ही तोंडं गोणपाटानं झाकलेली. मैला अजून एक थेंबही आत गेला नव्हता. सकाळी एक कोवळा पोरगा कंबरेला पंचा बांधून तोंडाशी बसला, पाय आत सोडून.

मी ओरडले. तो दचकला. "नवी टाकी हाय मॅडम, कायच न्हाई आत."

नव्या टाकीतही माणसं मरतात. ओलं लाकूड आणि साचलेलं पाणी बंद जागेतला प्राणवायू खातं. आत उतरलेला माणूस दोन-चार श्वासांत कोसळतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, मग तिसरा. वापरातल्या टाकीत तर याशिवाय मिथेन आणि हायड्रोजन सल्फाईड असतात. हायड्रोजन सल्फाईडला कुजक्या अंड्याचा वास येतो, पण प्रमाण वाढलं की नाकच बधिर होतं. वास येईनासा झाला म्हणजे धोका टळला असं नसतं, उलट असतं.

अण्णा ओट्यावरून खाली आले. पोराच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "पेव उघडलं की आम्ही सकाळभर तोंड मोकळं ठेवायचो. मग कंदील सोडून बघायचा. विझला तर कुणी उतरायचं नाही. माझ्या चुलत्यानं शिकवलंय."

त्यांना कळलं होतं. फक्त कंदिलाबाबत मी त्यांना थांबवलं. पेवात जळाऊ वायू नसायचा. वापरातल्या सेप्टिक टाकीत मिथेन असतो, तिथं कंदील, काडी, विडी काही न्यायचं नाही, भडका उडतो. आम्ही दोन्ही तोंडं उघडली, साठलेलं पाणी पंपानं बाहेर काढलं आणि एका तोंडातून ब्लोअरनं तासभर हवा आत घातली. मग पोराच्या छातीला पट्टा, पट्ट्याला दोर, दोर वर दोघांच्या हातात. दहा मिनिटांच्या वर आत थांबायचं नाही आणि वरून सतत बोलत राहायचं. काम दोन तासांचं होतं, दुपार झाली. ठेकेदार जरा कुरकुरला, पण थांबला.

वापरातली टाकी उपसायला माणूस उतरवणं, त्याला साधनं आणि संरक्षण न देता, हा 2013 च्या कायद्यानं गुन्हा आहे. अशा मृत्यूची भरपाई किमान 30 लाख रुपये असावी, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानं ऑक्टोबर 2023 मध्ये दिला. गाडी बोलावणाऱ्या घरमालकानं हे माहीत असूनही "जरा आत उतरून कोपरा साफ कर" म्हणावं, याचा मला संताप येतो. पंपाचा पाईप पोचत नाही असा कोपराच टाकीत नसावा. आमच्याकडं दोन्ही कप्प्यांवर स्वतंत्र झाकण आहे, ते त्यासाठीच.

गळती

तपासणीसाठी टाकी पाण्यानं भरली. पहिल्या दिवशी चार सेंटीमीटर उतरली. काँक्रीट पाणी पितं, ते धरलेलं होतं. पुन्हा भरली. दुसऱ्या दिवशी सहा सेंटीमीटर. तिसऱ्या दिवशी पुन्हा सहा, आणि तिथंच थांबली.

ठेकेदाराचा चेहरा उतरला. पण पाणी एका जागी थांबलं ही खूण चांगली असते. गळती तळाला असती तर ते उतरतच राहिलं असतं. भोक जिथं, तिथंवरच पाणी उतरतं. ओल्या भिंतीवरची रेघ बाहेर जाणाऱ्या पाईपाच्या बुडाशी जुळत होती. पीव्हीसीचा पाईप गुळगुळीत, त्याला सिमेंट धरत नाही. भोवती केसाएवढी फट राहिली होती. पाईप काढला, त्याच्या बाहेरच्या अंगाला सॉल्व्हंट लावून वर कोरडी वाळू दाबली, वाळू चिकटून खरखरीत झाल्यावर पुन्हा बसवला आणि भोवतीची फट न आकसणाऱ्या ग्राऊटनं, म्हणजे सिमेंटच्या भरणीनं, भरली. नंतरच्या दोन दिवसांत रेघ हलली नाही. मग माती भरली आणि शेवटचा हप्ता दिला. भरण आधी झालं असतं तर ही फट आम्हाला कधीच दिसली नसती.

वापर

2023 च्या अक्षय्यतृतीयेला घरभरणी झाली. घरी तीन गोष्टी सांगून ठेवल्या. सॅनिटरी पॅड आणि कापूस भांड्यात टाकायचा नाही. ॲसिड रोज ओतायचं नाही, कारण आतले जिवाणू मरतात. आणि दुकानातल्या 'टाकी कधीच भरणार नाही' म्हणणाऱ्या पुड्या आणायच्या नाहीत. टाकीतला वायू बाहेर सोडणारा वेंट पाईप छपराच्या वर नेला, तोंडाला डासाची जाळी.

सगळं बिनचूक झालं असं नाही. पहिल्याच पावसाळ्यात गादीच्या उत्तरेच्या पायथ्याला ओल फुटली, दोन-तीन हात लांब. मी हादरले. दोन दिवस बघितल्यावर कळलं की शेजारच्या अंगणातलं पावसाचं पाणी वाहत येऊन गादीत शिरत होतं. गादीच्या वरच्या अंगाला वीतभर खोल चर काढून ते पाणी रस्त्याकडं वळवलं आणि गादीच्या माथ्याला उतार दिला. 2024 च्या पावसाळ्यात तिथं ओल नव्हती. हा चर मी मूळ आराखड्यातच काढायला हवा होता.

2025 च्या जानेवारीत गाळ मोजला. लांब काठीला पांढरा टॉवेल गुंडाळून तळापर्यंत सोडायची, थोडं थांबून हळू वर काढायची. काळं जिथपर्यंत, तिथपर्यंत गाळ. पहिल्या कप्प्यात 36 सेंटीमीटर गाळ आणि वर सातेक सेंटीमीटर साय. पाण्याच्या खोलीच्या तिसऱ्या हिश्श्याला टेकायला आलं होतं, म्हणून गाडी बोलावली. मुद्दाम जानेवारी, जमीन कोरडी असताना. उपसल्यावर त्याच दिवशी टाकी साध्या पाण्यानं भरून घेतली, म्हणजे ती रिकामी राहिली नाही.

2019 सारखं पाणी या टाकीनं अजून पाहिलेलं नाही. त्यासाठी तयारी आहे. घरातून येणाऱ्या पाईपावर उलटं पाणी अडवणारी झडप आहे, झाकणांना रबराची पट्टी आणि बोल्ट आहेत. तरी झडप बंद असताना शौचालय वापरायचं नाही, हे घरातल्या सगळ्यांना आठवायला हवं. म्हणून काकूंनी शौचालयाच्या दाराआड आपल्या अक्षरात एक कागद चिकटवलाय. 'आयर्विनला 40 फूट झाले की झडप बंद. पूर ओसरल्यावर पंधरा दिवस टाकी उपसायची नाही. सगळ्यांनी ताईंकडं माळावर जायचं.' ताई म्हणजे त्यांची थोरली लेक, तिचं घर उंचावर आहे.